आधी डोंगर, मग लेन्स, शेवटी बॉडी

मे महिना सरत आला की ठाणे-नवी मुंबईतल्या हौशी फोटोग्राफरांमध्ये एकच चर्चा सुरू होते : यंदा पावसाळ्याआधी कोणती बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घ्यावी? उत्तरंही लगेच येतात. फुलफ्रेमच घे, मेगापिक्सेल जास्त हवेत, अमुक कंपनीचं नवं मॉडेल येतंय, थांब. माझं मत असं, की लँडस्केपच्या बाबतीत ही सगळी चर्चा उलट्या टोकाने सुरू होते. तुम्ही ज्या डोंगरांचे फोटो काढणार आहात ते तुमच्यापासून किती लांब असतात, हे आधी पाहावं. अंतरावरून लेन्स ठरते. लेन्सवरून कंपनी, म्हणजे माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची, कंपनीगणिक वेगळी जोडणी) ठरतं. आणि त्या माउंटमध्ये, उरलेल्या पैशांत बसेल ती बॉडी घ्यावी.

हे का, ते एका छोट्या गणिताने कळतं.

समजा, पायथ्यापासून ७०० मीटर उठलेला डोंगर तुमच्यापासून १० किलोमीटरवर आहे. पनवेलच्या बाजूने दिसणारा प्रबळगड किंवा कल्याण-अंबरनाथकडून दिसणारा मलंगगड साधारण याच मापातले. फुलफ्रेम या मोठ्या सेन्सरची, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या चिपची, उंची २४ मिमी असते. २४ मिमीची लेन्स लावली (हा आकडा लेन्सच्या फोकल लेंथचा; तो जितका मोठा, तितकं दृश्य जवळ येतं), तर त्या डोंगराची सेन्सरवर पडणारी प्रतिमा असेल ७०० भागिले १०,००० गुणिले २४, म्हणजे १.७ मिमीच्या आसपास. फ्रेमच्या उंचीचा जेमतेम चौदावा भाग! डोळ्यांना भव्य वाटलेला डोंगर फोटोत मुंगीएवढा का होतो, त्याचं उत्तर इथे आहे. त्याच जागेवरून २०० मिमीची लेन्स लावली, तर प्रतिमा १४ मिमीची होते आणि डोंगर अर्ध्याहून जास्त फ्रेम व्यापतो. बॉडी कितीही महाग असली तरी या हिशेबात काही बदलत नाही.

आता मुंब्र्याला जा. स्टेशनच्या मागे मुंब्रादेवीचा डोंगर अंगावर आल्यासारखा उभा आहे. तिथे २०० मिमी लावली तर कड्याचा एक तुकडा आणि त्यावरचं गवत एवढंच हाती लागेल. अख्खा कडा, त्याच्या पायथ्याची घरं आणि वरचे ढग एका फ्रेममध्ये हवे असतील, तर २४ मिमीसुद्धा कधीकधी अपुरी पडते. मग १६ मिमी लागते.

म्हणजे आपल्या भागातल्या लँडस्केपचे सरळ दोन प्रकार पडतात. एक, आपण डोंगराच्या कुशीत आहोत : येऊर, मुंब्रा, खारघरची टेकडी, माळशेजचे धबधबे. दुसरा, आपण इथे आणि डोंगर पार तिकडे : पाऊस ओसरल्यावर हवा स्वच्छ असताना पारसिकच्या माथ्यावरून किंवा पनवेलच्या मोकळ्या बाजूने दिसणाऱ्या रांगा. लँडस्केप म्हटलं की सगळे वाइड, म्हणजे कमी मिमीची लेन्सच सांगतात, आणि हा दुसरा प्रकार विसरला जातो. सह्याद्री मात्र दुसऱ्या प्रकारातच जास्त खुलतो. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा डोंगर झाला, म्हणून त्याच्या कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात आणि एकामागे एक रांगा लागतात. दर मागची रांग पुढच्यापेक्षा थोडी फिकट, थोडी निळी. लांबून टेलीने, म्हणजे जास्त मिमीच्या लेन्सने घेतल्यावर या रांगा एकमेकींना खेटून येतात. माहुलीचे सुळके किंवा कर्नाळ्याचा अंगठा आभाळावर कोरल्यासारखा घ्यायचा, तोही टेलीनेच.

लेन्स ठरवण्याआधी घरी बसून एक काम करा. आत्तापर्यंत काढलेल्या फोटोंपैकी तुम्हाला मनापासून आवडलेले वेगळे काढा आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंथ पाहा. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंथप्रमाणे फोटो गाळता येतात; नसेल तर कॉम्प्युटरवर फोटोच्या प्रॉपर्टीजमध्येही ती दिसते. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ च्या किट लेन्सवर बहुतेक आवडते फोटो १८ ला चिकटलेले असतील, तर तुमची नजर वाइड आहे. ५५ ला जाऊन थांबलेले असतील, तर तुम्हाला टेली हवी आहे. स्वतःच्याच फोटोंनी दिलेला हा सल्ला कुठल्याही व्हिडिओपेक्षा भरवशाचा.

आता आकड्यांचा एक घोळ सोडवू. २४ मिमी, १६ मिमी हे मी फुलफ्रेमच्या भाषेत बोललो. फुलफ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिमी. एपीएस-सी या लहान प्रकारचा साधारण २३.५ बाय १५.६ मिमी, कॅननचा किंचित लहान. सेन्सर लहान म्हणजे लेन्सने पाडलेल्या त्याच प्रतिमेचा मधला भागच उचलला जातो, म्हणून दृश्य जवळ आल्यासारखं दिसतं. हिशेबासाठी फोकल लेंथला १.५ ने गुणायचं, कॅननला १.६ ने, आणि मायक्रो फोर थर्ड्स हा आणखी लहान सेन्सर असेल तर २ ने. एपीएस-सीवर १६ मिमी लावली की २४ मिमीचं दृश्य मिळतं, १० मिमी लावली की १५ चं. याची दुसरी बाजू टेलीवाल्यांच्या फायद्याची : एपीएस-सीवर २०० मिमी लावली की ३०० मिमीएवढं दृश्य येतं, आणि लेन्स मात्र लहान, हलकी, स्वस्त.

वाइड लेन्सबद्दल एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. तिने 'जास्त मावतं' हे खरं, पण ते तिचं खरं बळ नव्हे. जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान करून दाखवणं हे तिचं बळ. त्यामुळे वाइड लावून नुसता समोरचा नजारा टिपला, तर फोटोचा खालचा अर्धा भाग ओसाड राहतो. पुढ्यात काहीतरी हवं. नाणेघाटाच्या पठारावर सप्टेंबरात सोनकी फुलते, तेरड्याचे गुलाबी ताटवे पसरतात, कातळावरच्या खळग्यांत पाणी साचून त्यात ढग उतरतात. कॅमेरा गुडघ्याच्याही खाली नेऊन, फुलांपासून दोन-अडीच हातांवर धरला की फोटो भरतो.

पण मग फूलही स्पष्ट हवं आणि मागचा जीवधन किल्लाही. इथे हायपरफोकल अंतर कामाला येतं. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक; एफ/ पुढचा आकडा जितका मोठा, तितकं ते लहान. प्रत्येक फोकल लेंथ आणि अ‍ॅपर्चरच्या जोडीला असं एक अंतर असतं, की तिथे फोकस केला तर त्या अंतराच्या निम्म्यापासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. फुलफ्रेमवर २४ मिमी आणि एफ/११ ला ते सुमारे १.८ मीटर आहे : फोकस तिथे केला की ९० सेंटिमीटरपासून पुढचं सगळं मिळालं. एपीएस-सीवर १६ मिमी आणि एफ/८ ला तेच १.६ मीटर. फोनवर याची मोफत अ‍ॅप्स आहेत, पण आपल्या नेहमीच्या दोन-तीन जोड्या पाठ केल्या की अ‍ॅप उघडावंही लागत नाही. डोंगरावर फोकस केला की फूल गेलं, फुलावर केला की डोंगर गेला, ही तक्रार नव्वद टक्के इथेच मिटते.

मग कुणी म्हणेल, एफ/२२ लावू, सगळंच स्पष्ट येईल. येत नाही. अ‍ॅपर्चरचं भोक फार लहान झालं की प्रकाश त्याच्या कडेवरून पसरतो आणि अख्खा फोटोच किंचित मऊ होतो. एपीएस-सीवर एफ/११ च्या आणि फुलफ्रेमवर एफ/१६ च्या पुढे मी शक्यतो जाऊ देणार नाही.

यातूनच पैसे वाचवणारा एक मोठा मुद्दा निघतो. लँडस्केपचे बहुतेक फोटो एफ/८ ते एफ/११ ला निघतात. मग एफ/२.८ च्या लेन्सचे पैसे कशासाठी मोजायचे? निकॉनची झेड १४-३० एफ/४ ही लेन्स ४८५ ग्रॅमची आहे आणि तिला पुढे ८२ मिमीचा साधा फिल्टर बसतो. त्याच कंपनीची १४-२४ एफ/२.८ ही ६५० ग्रॅमची, आणि तिला फिल्टर लावायचा तर वेगळ्या हूडवर (लेन्सपुढच्या कड्यावर) ११२ मिमीचा. सोनीची १६-३५ एफ/४ पॉवर झूम तर फक्त ३५३ ग्रॅमची. पाठीवर पाणी, डबा, रेनकोट घेऊन पहाटेच्या कसारा लोकलने आसनगावला उतरून माहुली चढणाऱ्याला हे ग्रॅम जाणवतात. एफ/२.८ चं खरं काम एकाच ठिकाणी : रात्रीचं आभाळ. शहरांच्या दिव्यांपासून लांब, माळशेजच्या पलीकडे जाऊन आकाशगंगा टिपायची असेल तर ती हवी. तो छंद नसेल तर एफ/४ घ्या आणि राहिलेल्या पैशांतून ट्रायपॉड घ्या.

कमी खर्चातही चांगल्या वाइड लेन्स आहेत. कॅनन आरएफ-एस १०-१८ ही १५० ग्रॅमची आहे, निकॉन झेड डीएक्स १२-२८ ही २०५ ग्रॅमची. दोन्हींत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय आहे. डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेले कॅमेरे वापरणाऱ्यांसाठी कॅननची ईएफ-एस १०-१८ आणि निकॉनची एएफ-पी डीएक्स १०-२० आजही उत्तम काम देतात. टेलीच्या बाजूला एपीएस-सीला ५५-२५० किंवा ५०-२५० पुरते, फुलफ्रेमला ७०-३०० किंवा ७०-२०० एफ/४. ७०-२०० एफ/२.८ लग्नाच्या फोटोग्राफरसाठी ठीक. एक ते दीड किलोचं ते ओझं लँडस्केपसाठी गडावर नेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो मात्र या कुठल्याच लेन्समध्ये नीट सापडणार नाहीत. त्यांना ४०० मिमी आणि त्यापुढचं लागतं, तो वेगळा छंद आणि वेगळा खर्च.

माउंट निवडताना दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्स किती मिळतात तेही पाहा. सोनीच्या ई माउंटला सिग्मा, टॅमरॉनचा साठा सर्वांत मोठा. कॅननने आपलं आरएफ माउंट २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला एपीएस-सी लेन्सपुरतं खुलं केलं, त्यामुळे आर५०, आर१०, आर७ या एपीएस-सी बॉडीवाल्यांची सोय झाली.

लेन्स ठरली की बॉडीकडे वळू. मेगापिक्सेलचा बाऊ आधी उतरवू. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापला तर २० बाय १३ इंचांची चोख प्रिंट होते. भिंतीवर लावून दोन-तीन पावलांवरून पाहायची असेल तर याच्या दुप्पट मोठीही चालते. ४के टीव्हीला पुरते सव्वाआठ मेगापिक्सेल लागतात. प्रदर्शनासाठी चार-पाच फुटी प्रिंट करणार असाल तर ४५ किंवा ६१ मेगापिक्सेलना अर्थ आहे. बाकीच्यांसाठी ते फक्त मोठ्या फाइली आणि भरत जाणारी हार्ड डिस्क.

फुलफ्रेम की एपीएस-सी, हा प्रश्न जरा जास्त वेळ देण्याजोगा आहे, कारण इथे आपल्या पावसाळ्याचा संबंध येतो. फुलफ्रेमचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सुमारे २.३५ पट. तेवढा जास्त प्रकाश गोळा होतो, आणि फायदा होतो साधारण सव्वा स्टॉपचा. स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट. हा फायदा कुठे दिसतो? डायनॅमिक रेंजमध्ये, म्हणजे एकाच फोटोत सर्वांत उजळ आणि सर्वांत काळोख्या भागातला तपशील किती टिकतो त्यात. श्रावणातलं दृश्य आठवा : ढग फाटून मध्येच ऊन पडलंय, ढगाची कड डोळे दिपवतेय, आणि खाली ओला काळा कातळ. एवढा फरक सेन्सरला एका दमात पेलत नाही. ढग वाचवले तर कातळ काळाठिक्कर, कातळ वाचवला तर ढगाच्या जागी पांढरा डाग.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे ब्रॅकेटिंग : ट्रायपॉडवर एक उजळ, एक मध्यम, एक गडद असे तीन फोटो काढून नंतर जोडणं. दृश्य स्थिर असेल तर एपीएस-सीवाला या मार्गाने फुलफ्रेमची बरोबरी करतो, जराही कमी पडत नाही. पण घाटमाथ्यावर जुलैत काय स्थिर असतं? वारा गवत झोपवतो, धुकं क्षणात येतं क्षणात जातं, ढग पळत असतात. तिन्ही फोटोंत गवत वेगळ्या जागी, आणि जोडताना सगळा चिखल. अशा वेळी एकाच फोटोत जे मिळेल तेच खरं. म्हणून कोणी मला भर पावसाळ्यातलेच फोटो काढायचे आहेत असं म्हणालं, तर मी फुलफ्रेमकडे झुकेन. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी आणि ट्रायपॉड हा ज्याचा बाज आहे त्याला एपीएस-सी भरपूर. दोघांनीही रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती तशीच राखणारा फॉरमॅटच वापरावा. जेपीईजी सावल्यांतला बराच तपशील आधीच फेकून देतो.

नव्या बॉडीच्या जाहिरातीत सेकंदाला वीस-तीस फोटो, पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस, ८के व्हिडिओ असं बरंच असतं. डोंगर पळून जात नाही, त्यामुळे यातलं काही लागत नाही. त्याऐवजी हे पाहा. स्क्रीन उघडते का? सोनकीच्या ताटव्याशी कॅमेरा नेताना चिखलात आडवं पडावं लागणार की नाही, ते त्यावर ठरतं. फुजीफिल्मच्या एक्स-टी५ ची स्क्रीन कॅमेरा उभा धरल्यावरही उघडते. धबधब्याच्या उभ्या फ्रेमला हे फार सोयीचं. बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे का? निकॉन झेड५ मध्ये आहे, कॅनन आर८ मध्ये नाही. ट्रायपॉड लावायला जागा नसते तेव्हा पाव सेकंदाचा शटर हातात धरून मारता येणं ही चैन नव्हे. आणि सीलिंग, म्हणजे पाणी-धूळ रोखणारी बांधणी?

सीलिंगवर थोडं थांबतो, कारण 'वेदर सील्ड' या शब्दावर विसंबून आपल्याकडे कॅमेरे मरतात. बहुतेक कंपन्या सीलिंग म्हणजे नेमकं किती पाणी, हे सांगतच नाहीत. ओएम सिस्टिमच्या ओएम-१ आणि ओएम-५ ला आयपी५३ असं ठरावीक मानांकन आहे, म्हणजे वरून आणि तिरकस येणाऱ्या तुषारांपुरतं संरक्षण. पण माळशेजला वारा पाऊस खालून वर फेकतो, तिथे कुठलंही मानांकन गृहीत धरू नका. शिवाय बॉडी सील असून लेन्स नसेल तर पाणी माउंटच्या फटीतून आत जातं. काही लेन्सना तर पुढे फिल्टर लावल्याशिवाय सीलिंग पुरं होत नाही. म्हणून बॉडी कोणतीही असो, साधं रेनकव्हर, लेन्सला लांब हूड आणि खिशात दोन-तीन कोरडी सुती फडकी. पाण्यातल्या दगडावरची चमक घालवून शेवाळ्याचा खरा हिरवा रंग आणायला पोलरायझर फिल्टरही घ्या. दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, पण पावसाळी हिरव्याला दुसरं काही इतकं खुलवत नाही. फार वाइड लेन्सवर मात्र त्याने निळं आभाळ एका बाजूला गडद होतं, एका बाजूला फिकट. तिथे काढून ठेवा.

खारघरच्या पांडवकड्याला पावसाळ्यात अनेकदा प्रवेशबंदी असते. ती मोडून पाण्याच्या जवळ जाऊ नका. तिथे माणसं वाहून गेली आहेत. लांबच्या, सुरक्षित जागेवरून टेलीने घेतलेला धबधबाही तितकाच देखणा येतो.

आता खरा शत्रू : बुरशी. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतली आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते आणि लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू उगवतात. कपाटात, बॅगेत, काळोखात ठेवलेल्या लेन्सला हे हमखास होतं. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राखणारं ड्राय कॅबिनेट घेतलं तर उत्तम. नाहीतर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येतं. आणि एसी लोकलमधून किंवा गाडीतून उतरल्याउतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका. थंड काचेवर लगेच दव धरतं. बॅग बंदच ठेवून वीसेक मिनिटं जाऊ द्या.

याच कारणाने जुनी लेन्स घेताना आपल्याकडे जास्त सावध राहावं लागतं, आणि तरीही जुना बाजार सोडू नये असं मी सांगेन. मिररलेसकडे, म्हणजे बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यांकडे गेलेल्यांनी विकलेल्या निकॉन डी७५०, डी८१०, कॅनन ६डी अशा बॉड्या लँडस्केपला आजही भक्कम आहेत. डी८१० चा मूळ आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) तर ६४ आहे आणि तिची सावल्यांतली क्षमता नव्या मध्यम किमतीच्या बॉड्यांना लाजवते. फोर्टमधल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत किंवा ओळखीतून घेताना लेन्सची दोन्ही टोपणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारून आत पाहा. धुळीचे चार कण चालतात. तंतू, कोळिष्टक किंवा धुरकट पडदा दिसला तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका, ती लेन्स तुमच्या डब्यातल्या दुसऱ्या लेन्सशेजारी ठेवणंही धोक्याचं. बॉडी तपासताना लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ/१६ ला नेऊन पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग दिसतील. पुढे मिररलेसला जायचा विचार असेल तर कॅननच्या ईएफ लेन्स अ‍ॅडॅप्टरने आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्सही एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर चालतात, पण जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस तिथे बंद होतो. ट्रायपॉडवर हाताने फोकस करणाऱ्याचं त्याने अडत नाही, मात्र विकणाऱ्याशी भाव करताना ही गोष्ट जरूर बोलून घ्या.